खारावलेली कुंडी

मित्रांनो, माझ्याजवळ येताना थोडे जपून या. मी मातीची कुंडी आहे, वीस-बावीस वर्षांची जुनी, आणि आता नुसते बोट लागले तरी माझ्या अंगाचा पोपडा सुटतो. पनवेलमध्ये दिनानाथशेठांच्या बंगल्यामागे, कोंड्याच्या पोत्यांच्या आडोशाला मी पडून असते. आपली कहाणी सांगावी एवढी मी कुणी मोठी नाही. ती मला नीट सांगता येईल याचीही खात्री नाही, कारण तिचा बराचसा भाग मी पाण्याखालून पाहिला आहे आणि पाण्याखालून माणसे वेडीवाकडी दिसतात. त्यांचे बोलणे मात्र कानावर पडे. जे ऐकले तेवढेच सांगते. माझ्याकडून कुणावर अन्याय झाला, तर तो माझ्या समजुतीचा दोष समजा.

मला बुधाजी कुंभाराने घडवले. देश स्वतंत्र व्हायला अजून चार-पाच वर्षे होती. गाढी नदीच्या काठची माती त्याने आणली, तिच्यात भाताचे तूस मिसळले आणि चार दिवस पायाने तुडवली. माझ्याएवढे भांडे एका दमात चाकावर उभे राहत नाही. त्याने माझा तळ तेवढा चाकावर केला आणि वरचे अंग हाताने चढवत, थापीने ठोकत नेले. दोन माणसांनी कवेत धरावे लागेल एवढी मी रुंद झाले. भाजून निघाल्यावर त्याने मला पाण्याने भरून आठ दिवस तशीच ठेवली. एक थेंबही गळला नाही. मग माझ्या कडेवर बोटाचे पेर वाजवून तो गिऱ्हाइकाला म्हणाला की हिला काही होणार नाही. बिचाऱ्याचा शब्द खरा ठरला नाही. हे ऐकायला तो आज नाही, एवढेच बरे.

माझे पहिले काम बैलगाड्यांच्या तळावर होते. घाटावरून येणाऱ्या गाड्या तिथे सोडत आणि माझ्यात पेंड भिजवून बैलांपुढे ठेवत. दमलेल्या जनावराचा गरम श्वास माझ्या पोटात घुमे. ते दिवस मला अजून आवडतात. पुढे माल मोटारींनी जाऊ लागला. गाड्या कमी झाल्या, मग तळच उठला. कुणीतरी मला पालथी घातली आणि दोन पावसाळे मी तशीच राहिले. त्या काळात माझ्यावर एक कोंबडी येऊन बसत असे. सांगण्यासारखे तेवढेच.

तिथून मला दिनानाथशेठांच्या बागेतल्या तुळशीरामने उचलून आणले.

दिनानाथशेठांची भाताची गिरण होती आणि बंगल्यापुढे दगडी हौद होता. त्यांचा एक मामेभाऊ बोटीवर कामाला होता. त्याने जपानहून पत्र्याच्या डब्यात बोटाएवढे सात मासे आणले. ते लाल, पांढरे आणि काळे ठिपके असलेले होते. कोई म्हणतात त्यांना. गावातले लोक मात्र जपानी मासेच म्हणत. ते गिरणीतला कोंडा खाऊन दोन वर्षांत हातभर झाले. सर्वांत मोठा लाल मासा प्रत्येक ठिकाणी आपला वाटा मागायला तोंड उघडून हजर असे, म्हणून तुळशीरामने त्याचे नाव मामलेदार ठेवले होते. शेठांना ते कळले तेव्हा तेही हसले. फक्त खरे मामलेदार भेटीला आले की त्याला नावाने हाक मारायची नाही, अशी त्यांनी ताकीद दिली.

शेठांना हौदात जिवंत झाडे हवी होती. नुसता दगड आणि नुसते पाणी त्यांना उघडेबोडके वाटे. पण या माशांच्या हौदात झाड जगवणे सोपे नसते, मित्रांनो. त्यांना चिखल उकरायची सवय असते. मुळाशी तोंड खुपसून ते माती चघळतात आणि थुंकतात, कोवळे पान तर घासासारखे ओढतात. शेठांनी तीनदा झाडे लावली आणि तिन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात ती उलटी तरंगत होती. शेवटी त्यांनी ते काम तुळशीरामवर सोपवले.

तुळशीराम मूळचा मिठागरातला माणूस. पनवेलजवळच्या कोन गावाच्या बाजूला त्याचे खेडे होते, आणि खाडीवरच्या आगरात त्याने तीस वर्षे काढली होती. तिथे त्याचे काम पाणी चाखण्याचे होते. वाफ्यात पाणी आटत आले की बोट बुडवून जिभेला लावायचे आणि मीठ आज बसेल की उद्या, ते सांगायचे. त्याचा शब्द चुकत नसे. पाय जखमांनी निकामी झाले तेव्हा त्याने आगर सोडले आणि शेठांच्या बागेत आला. पण कुणीही विचारले तरी तो आपली ओळख अशीच सांगे की आगरात माझी जीभ चाले.

कमळाचा कंद मात्र त्याचा नव्हता. तो भामाचा होता.

भामा त्याची बायको. गावातून भाजीची पाटी घेऊन ती पनवेलच्या बाजारात येई. त्यांच्या गावात एक तळे होते आणि त्यात पांढरी, कडेला गुलाबी झाक असलेली कमळे होती. भामाचे लहानपण त्या तळ्याच्या काठावर गेले होते, कारण तिचे माहेर आणि सासर एकाच गावात होते. एका उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायचे काम निघाले. कामावरच्या लोकांनी मुळांसकट सगळे उपसून बांधावर टाकले आणि चार दिवसांच्या उन्हात त्याचे चिपाड झाले. भामाला कळले तेव्हा ती धावत गेली. सगळे उलथेपालथे करून तिने हाताच्या पंजाएवढा एकच ओला तुकडा शोधून काढला आणि पदरात बांधून घरी आणला. दोन वर्षे तिने तो फुटक्या माठात जगवला. पण तिच्या घरी उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नसे. तिथे कमळाला कुठून पुरणार? पान यायचे आणि वाळायचे. म्हणून एक दिवस तिने तो कंद शेठांच्या हौदासाठी दिला. देताना नवऱ्याला एवढेच म्हणाली, "माझ्या घरान पानी नाय म्हनून देतंय. दिला म्हंजे टाकला नाय."

हे तिने माझ्याशेजारी बसून म्हटले होते. कंद माझ्यात ठेवला तेव्हा तिचा हात माझ्या पोटात होता.

तुळशीरामने मोठ्या विचाराने काम केले. माझ्यात अर्ध्याच्या वर शेतातली चिकण माती भरली, कंद आडवा निजवला, त्याचा कोंब तेवढा मोकळा ठेवला. मातीवर नदीतले मुठीएवढे गोटे दाटून बसवले, म्हणजे माशांना तोंड घालता येऊ नये. मला हौदात दगडांच्या उंचवट्यावर ठेवले, आणि कोवळी पाने पाण्याच्या वर येईपर्यंत माझ्याभोवती बांबूच्या कामट्यांचे कुंपण केले. मामलेदार महिनाभर त्या कुंपणाला धडका देत होता. शेवटी त्याने नाद सोडला.

दुसऱ्या वर्षी फूल आले. ते मला कसे सांगावे कळत नाही. माझ्यातून वर गेलेला देठ मला जाणवत होता. फूल मी पाहू शकत नव्हते. पण हौदाच्या काठावर आलेली माणसे गप्प होत, त्यावरून मी ओळखले. भामा बाजारातून परत जाताना रोज पाच मिनिटे काठावर टेकून जाई. पाय पाण्यात सोडी आणि बघत बसे. मासे तिच्या बोटांना चाटत. पाने मोठी झाली तशी त्यांच्या सावलीत मासे भर दुपारी येऊन उभे राहू लागले. झाड आणि मासे एकमेकांची सवय करून घेतात, हे मी त्या चार वर्षांत शिकले. माझ्या आयुष्यातली बरी म्हणावी अशी वर्षे तीच.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. शेठ प्रत्येक फूल उमलले की दुसऱ्या दिवशी कापून घेत. कधी देवघरात, कधी पाहुण्यांच्या टेबलावर पितळी वाडग्यात. चार वर्षांत एकाही फुलाचे बोंड झाले नाही, एकही बी पिकली नाही. कंद आहे तोवर बी कशाला, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

त्या वर्षी चैत्रात माशांना रोग आला. अंगावर लाल चट्टे उठले, पंख कुरतडल्यासारखे झाले. दोन मासे मेले. बोटीवरच्या मामेभावाला शेठांनी पत्र घातले होते. त्याचे उत्तर आले की तिकडचे लोक अशा वेळी पाण्यात मीठ टाकतात, जखमा सुकेपर्यंत टाकत राहतात. शेठांनी तुळशीरामला बोलावले. बोलणे काठावरच झाले.

तुळशीराम म्हणाला, "मालक, तवर कुंडी भाईर काढून ठेवू का? माशांना मीठ चालंल, कमळाला नाय सोसायचं."

शेठांनी कळीकडे पाहिले. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला हवे. पण मुंबईच्या एका मासिकाचा फोटोवाला गुरुवारी येणार होता. हौदात जपानी मासे आणि त्यांच्यामध्ये जिवंत कमळ, असे त्याला हवे होते. एक कळी वर आलेली होती. ते म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. बाहेर काढलीस आणि कळी मान टाकून बसली तर? बेताने टाक. मिठाचं मी तुला शिकवायचं का?"

त्या शेवटच्या वाक्याने सगळे बिघडले असे मला वाटते. तुळशीरामची मान ताठ झाली. तो म्हणाला, "जिभंला लागू देनार नाय. जिभंला लागत नाय तवर कमळ सोसतं."

पहिल्या दिवशी त्याने पाटीभर मीठ विरघळवून ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट बुडवले, जिभेला लावले. काही लागले नाही. म्हणजे मीठ कमी आहे, एवढ्याने जखमा कशा सुकणार, असे म्हणत त्याने आणखी चार ओंजळी टाकल्या. गुरुवारी फोटोवाला आला नाही. सोमवारी येतो असा निरोप आला. सोमवारीही आला नाही. रोज सकाळी तुळशीराम यायचा, चाखायचा, मान हलवायचा आणि चार ओंजळी टाकायचा. असे सोळा दिवस.

मला पहिल्या आठवड्यातच कळले होते. मातीला मीठ कळते, मित्रांनो. ते माझ्या अंगात एकेका छिद्रातून शिरत होते. माझ्या पोटातला कंद आधी पाणी ओढत असे, त्याने ते ओढायचे थांबवले. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. तुळशीरामने त्या पाहिल्या आणि ऊन फार आहे, असे स्वतःलाच सांगितले. कळीने मान टाकली. तिच्याकडे पाहून त्याने पुन्हा पाणी चाखले. पुन्हा काही लागले नाही.

भामा या सगळ्या काळात इथे नव्हती. ती उरणकडे बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली होती. सतराव्या दिवशी दुपारी ती आली. उन्हातून चालत आली होती, म्हणून नेहमीसारखी काठावर बसली आणि आधी तिने तोंडावर पाणी मारले. तिचा हात तसाच तोंडाशी थांबला. तिने ओठ चाटले. मग ओंजळीत पाणी घेऊन पुन्हा चाखले आणि थुंकले. मग तिने पानांकडे पाहिले.

तुळशीराम मागे उभा होता. तिने विचारले, "तुमी चाखलंत ह्ये पानी?"

"रोज चाखतंय. काय लागत नाय."

"आमटीवानी खारं हाय."

तो हसला. आगरातल्या माणसाला भाजीवाली खारं-गोडं शिकवते, असे काहीतरी म्हणाला. ती हसली नाही. तिने मान खाली घातली. ती काय बोलते ते ऐकायला मला सगळे लक्ष एकवटावे लागले.

"दोन वरसं झाली," ती म्हणाली, "मी आमटीत मीठ टाकतंय, आन् तुमी वरून मूठभर घेता. मना दिसतंय. तुमची जीभ गेली हाय. कवाच गेली हाय."

"मंग बोलली का नाय?"

"काय बोलू? तुमी सगल्यांना तेच सांगता, माझी जीभ चाले म्हनून. तेवढंच तर राह्यलंवतं तुमच्याजवल."

तुळशीरामने पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले. परत बुडवले. त्या दुपारी त्याने किती वेळा चाखले ते मी मोजले नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते पाण्याखालून मला वाकडेतिकडे दिसले, आणि सरळ दिसले नाही याबद्दल मी आभारी आहे.

मग दोघे हौदात उतरले. त्यांनी मला उंचवट्यावरून ओढले आणि काठावर घेतले. गोटे बाजूला केले. भामाने विहिरीचे गोडे पाणी आणले, कळशीवर कळशी माझ्यात ओतली. पण कंद हाताला लागला तेव्हाच तिला समजले असणार. तो मऊ झाला होता, दाबला की तपकिरी पाणी सुटत होते. तिने तो इंच इंच तपासला. एखादा डोळा, एखादा पांढरा कोंब कुठे राहिला असेल, म्हणून सगळा चिखल बोटांनी चाळला. चार वर्षांत कंदाच्या किती फांद्या झाल्या होत्या. सगळ्या एकाच पाण्यात होत्या.

"एक बोंड जरी ठेवलं असतं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते मला कळले नाही. त्या क्षणी तिथे आम्ही सगळेच दोषी होतो.

शेठांना वाईट वाटले. त्यांनी भामाला तसे सांगितलेही. मासे वाचले, कमळे काय मुंबईहून हवी तेवढी आणू, असेही ते म्हणाले. ज्या तळ्यातले ते कमळ होते त्यात आता नुसते पाणी होते, आणि ते कमळ दुसऱ्या कुठल्या तळ्यात होते की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हते.

फोटोवाला त्यानंतर पाच दिवसांनी आला. आदल्या दिवशी शेठांनी मुंबईच्या फूलबाजारातून चार कमळे मागवली. ती माझ्यात रोवायचे काम तुळशीरामचेच होते. त्याने मेलेला चिखल पुन्हा माझ्यात भरला, देठांना कामट्या बांधल्या, वर गोटे बसवले आणि मला परत हौदात ठेवले. ती फुले माझ्यात उभी होती. पण त्यांच्या देठांखाली काही नव्हते. कापलेले टोक चिखलात टेकलेले असणे म्हणजे काय, हे तेव्हा मला समजले.

फोटोवाल्याला फारच आवडले. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता की फुले किती ताजी, किती जिवंत. मासे त्यांच्याभोवती फिरत होते. मग त्याने वही काढली आणि विचारले की अशा माशांत झाड टिकतेच कसे, वाचकांना सांगायला हवे. शेठांनी तुळशीरामला पुढे केले.

मला वाटले तो काही बोलणार नाही. पण त्याने सगळे सांगितले. माती कुठली घ्यायची, कंद कसा निजवायचा, गोटे केवढे हवेत, कुंपण कधी काढायचे. शाळेत धडा म्हणावा तसे एकेक सांगितले. फोटोवाला लिहीत होता. शेवटी तुळशीराम थांबला आणि म्हणाला, "मासे आजारी पडले तर मीठ टाकायचं. पन त्येच्या आधी झाड भाईर काढायचं. आन् पानी आपन नाय चाखायचं. बायकोला चाखायला द्यायचं."

फोटोवाला मोठ्याने हसला. शेठही हसले. ते शेवटचे वाक्य त्याने लिहिले नाही असे मला वाटते, कारण त्याची पेन्सिल तोवर खिशात गेली होती.

त्या आठवड्यात तुळशीरामने नोकरी सोडली. शेठांनी राहा म्हटले होते. पुढे तो कुठे गेला हे मला नक्की माहीत नाही. विचुंब्याकडे कुणाच्या तरी आंब्यांची राखण करतो असे एकदा कानावर आले. ते खरे असेल किंवा नसेल.

हौद उपसला गेला, गोड्या पाण्याने भरला गेला. नव्या माळ्याने माझ्यात एक जलकमळ लावले. ते पंधरा दिवसांत सडले. त्याने माती बदलली, दुसरे लावले, तेही गेले. दोष त्याचा नव्हता. मीठ आता पाण्यात नव्हते, माझ्यात होते. मला बाहेर काढून वाळवले तेव्हा माझ्या अंगावर मिठाचा पांढरा लोणा फुटला. पुसला की परत फुटे. दर उन्हाळ्यात माझा एक थर गळतो. बुधाजीने थापीने घट्ट बसवलेली माती अशी पीठ होऊन पडताना पाहणे बरे नसते.

मधल्या काळात भामा एकदा आली होती. बंगल्याच्या मागच्या दाराने आली, मला शोधले. तिच्या पदरात काहीतरी बांधलेले होते, कुठून तरी मिळवलेला कंद असावा. ती माझ्याजवळ बसली. माझ्या कडेवरून बोट फिरवले आणि ते जिभेला लावले. मग तशीच उठून गेली. पदराची गाठ तिने सोडली नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी बोध सांगायचा असतो. माझ्याकडे मोठे शहाणपण नाही. जिवंत वस्तू कुणी तुमच्या स्वाधीन केली तर ती तुम्हाला मिळाली असे समजू नका. ती देणाऱ्याचा जीव तिच्यात असतो. आपल्या माणसाला काही दिसेनासे, कळेनासे झाले असेल, तर त्याचा मान राखायला गप्प बसू नका. त्या गप्प बसण्याची किंमत तिसराच कुणीतरी देतो. हे मी तुम्हाला सांगते आहे, पण त्याने ते कमळ परत येणार नाही, हेही मला कळते.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी कुणाला माझी दया येईल, ही एवढी मोठी कुंडी वाया का जाते असे वाटेल, आणि तुम्ही माझ्यात एखादे रोप आणून लावाल. कृपा करून लावू नका. मी बाहेरून अजून कुंडीसारखी दिसते, म्हणूनच मी धोक्याची आहे. मला फोडा. माझ्या खापऱ्या झाडांपासून लांब, एखाद्या वाटेच्या खड्ड्यात टाका. माणसे त्यांच्यावरून चालत जातील, तेवढे मला पुरे आहे.